धागा : मेरी स्टुअर्ट, बिलियर्ड्सचे टेबल आणि त्यावरून ‘ओरबाडलेले’ कापड

बिलियर्ड्सच्या इतिहासावरील लोकप्रिय लेखनात एक वाक्य हमखास आढळते. स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिचा शिरच्छेद झाला आणि तिचे प्रेत तिच्याच बिलियर्ड्स टेबलावरून ओरबाडून काढलेल्या कापडात गुंडाळले गेले. वाक्यापुढे विस्मयाचा एक चेहरा चिकटवला जातो आणि लेखक तत्काळ स्नूकरकडे वळतो.

आक्षेप या घाईवर आहे. एका राजकीय वधातील तपशिलाला खेळाच्या इतिहासातील गंमत बनवणे हा इतिहासाचा प्रसार नव्हे. शिवाय त्या वाक्यातील सर्वांत संशयास्पद शब्द ‘कापड’ नसून ‘ओरबाडलेले’ हा आहे. त्याकडे मात्र कोणी पाहतच नाही.

प्रसंग नोव्हेंबर १५८६ पासून पाहावा लागतो. स्थळ इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायरचा फॉदरिंगे किल्ला. मेरी १५६८ पासून एलिझाबेथच्या कैदेत होती. ऑक्टोबरमध्ये तिच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि ती दोषी ठरली. त्यानंतर तिच्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी सर एमियस पॉलेट याने तिच्या आसनावरचा राजचिन्हांकित चांदवा उतरवला. जी स्त्री कायद्याच्या दृष्टीने मेलेलीच आहे, तिला राजचिन्हे कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद होता. मेरीने त्या रिकाम्या जागी क्रूस टांगला.

त्याच दिवसांत पॉलेटने तिचे बिलियर्ड्सचे टेबलही काढून टाकायला लावले. मरणाच्या दारी उभ्या असलेल्या स्त्रीला करमणुकीची गरज नाही, हे कारण. मेरीचे उत्तर तिच्या वैद्याच्या, म्हणजे बुर्गोआँच्या, रोजनिशीत येते : टेबल मांडल्यापासून आपण त्यावर खेळलोच नाही, कारण तुम्ही आपल्याला इतरत्र पुरेसे गुंतवून ठेवले होते. तिला ‘बिलियर्ड्सवेडी राणी’ म्हणून रंगवणाऱ्यांनी हे उत्तर अवश्य वाचावे.

८ फेब्रुवारी १५८७ रोजी किल्ल्याच्या मोठ्या दालनात तिचा वध झाला. त्या दिवशी सरकारला प्रेताइतकीच भीती कापडाची वाटत होती. रॉबर्ट विंगफील्डने लॉर्ड बर्लीसाठी लिहिलेल्या वृत्तांतावरून हे स्पष्ट दिसते. वधिताचे कपडे घेण्याचा रिवाज असूनही मारेकऱ्यांना तिची एकही वस्तू नेऊ दिली नाही, त्यांना पैसे देऊन वाटेला लावले. रक्त लागलेले जे काही होते ते जाळले वा धुतले. कॅथलिकांच्या हाती रक्ताची एक चिंधी लागली असती तरी तिचा पवित्र अवशेष झाला असता. सोळाव्या शतकातील राज्यकर्त्यांना चिंधीचे राजकारण नेमके कळत होते.

विंगफील्ड तिच्या झग्याखाली दडलेल्या कुत्र्याचीही नोंद करतो, पण बिलियर्ड्सच्या कापडाचा उल्लेख करत नाही. तो तपशील येतो मेरीच्या पक्षाने फ्रान्समध्ये पसरवलेल्या हौतात्म्यवर्णनांतून. म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रेत वरच्या दालनात नेले, एवढे सांगून विंगफील्डचे वर्णन जवळजवळ तिथेच थांबते. त्या दाराआड काय घडले याबाबतचे त्याचे मौन कोणत्याही बाजूचा पुरावा नाही.

आता ‘ओरबाडलेले’ या शब्दाकडे येऊ. टेबलाचे जुने कापड पुन्हा वापरायचे असेल, तर आजचा कारागीरही आधी कडेच्या गाद्या सोडवतो, मग खिळे किंवा स्टेपल एकेक करून उचकटतो. कारण हिसका दिला की कडा फाटतात. (तेव्हा कापडाखाली दगडी पाटी नव्हती, लाकडी फळा होता. पाटीचे टेबल लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६च्या सुमारास आणले.) वापरून ताणलेले कापड पुन्हा टेबलावर पूर्वीसारखे बसत नाही, पण झाकायला आणि गुंडाळायला उत्तम उपयोगी पडते. लोकर महाग होती. टेबल जर नोव्हेंबरमध्येच काढलेले होते, तर त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी, घाईच्या क्षणी, हाताशी आलेले कापड बहुधा सुटे पडलेले असावे. तेव्हा प्रेतावर टेबलाचे कापड घातले ही गोष्ट संभवनीय आहे. ते त्या क्षणी टेबलावरून ओरबाडले, हा मात्र कथनकाराचा रंग वाटतो. अपमानाचे दृश्य पूर्ण करण्यासाठी त्याला ते क्रियापद हवे होते.

येथे दुसरा गैरसमजही उघडा पाडला पाहिजे. जुने कापड दुसऱ्या कामाला लावणे हाच अपमान, असे आजचा वाचक गृहीत धरतो. ज्या समाजात आजीच्या लुगड्याची गोधडी होते, तेथील वाचकाने तरी हे गृहीत धरू नये. खुद्द मेरीचा दाखला याहून बोलका आहे. ॲबर्डीनच्या कॅथिड्रलची वस्त्रे हंटलीच्या अर्लकडे होती. त्याच्या पाडावानंतर, १५६२ मध्ये, ती तिच्या ताब्यात आली. १५६७च्या यादीत नोंद आहे की, त्यांतील काही वस्त्रे तिच्यासमोर कापून पती डार्न्लीच्या पलंगासाठी वापरली गेली आणि तीन उत्तम वस्त्रे बॉथवेलला देण्यात आली. जिला पुढे कॅथलिकांनी हुतात्मा मानले, त्या राणीने पूजेच्या वस्त्रांचा पलंग सजवला. त्या काळच्या राजवाड्यात कापड एका कामात मरत नसे. अपमान ठरत असे तो कापड कोणाच्या आज्ञेने निघाले यावरून.

त्या दृष्टीने पाहता या कथेतले निर्णायक कापड बिलियर्ड्सचे नव्हेच. ते आहे नोव्हेंबरमध्ये उतरवलेला चांदवा. त्याच्यासाठी पुरावा आहे, आज्ञा देणाऱ्याचे नाव आहे, हेतूही नोंदलेला आहे. तरीही समाजमाध्यमांवर तो फारसा फिरत नाही, कारण चांदव्याला खेळाची फोडणी देता येत नाही.

शिसाच्या पेटीत बंद केलेले प्रेत जुलैच्या अखेरीपर्यंत फॉदरिंगेतच राहिले. मग एलिझाबेथच्याच खर्चाने पीटरबरो कॅथिड्रलमध्ये राजेशाही अंत्यविधी झाला. भिंतींवर काळे कापड होते, आणि त्यासोबत पॉलेटने उतरवायला लावलेली तीच राजचिन्हे होती.