आवाज कुणाचा?

आवाजाच्या बाबतीत वाशी तालुक्याला कुणी शिकवू नये. आमच्या तेरखेड्याचे फटाके महाराष्ट्रभर जातात. दिवाळी तोंडावर आली की महामार्गावरच्या गाड्या तिथं आपोआप बाजूला लागतात. लग्नसराईत डीजे नसेल तर नवरदेवाचे मित्र वरातीत पाय उचलत नाहीत. त्यामुळे मुंबईला एका रॉक बँडचा कार्यक्रम ऐकायला निघालोय म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "कानठळ्याच बसवून घ्यायच्यात तर मुंबई कशाला? फाट्यावर मंगल कार्यालय आहे की!"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला तिथं जाऊनच सापडलं.

तारीख १७ मे २०२५, शनिवार. जागा महालक्ष्मीचं रेसकोर्स. बँड गन्स एन रोझेस. आधीचे काही दिवस भारत-पाकिस्तान संघर्षाच्या बातम्यांत गेले होते. थांबलेली आयपीएल नेमकी त्याच संध्याकाळी बंगळुरूत पुन्हा सुरू व्हायची होती (पावसानं तो सामना होऊच दिला नाही, ते वेगळं). असल्या दिवसांत परदेशी बँड येतो की नाही, याची धाकधूक होतीच. तरी बार्शीला लातूर-मुंबई एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी मुंबईत उतरलो.

फाटकाबाहेरच्या रांगेत शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, कुठून?" म्हटलं, वाशीहून. "मग काय, हार्बर लाइननं आलात?" त्याला नवी मुंबईतली वाशी वाटली. मी धाराशिव जिल्हा म्हटल्यावर त्यानं मागच्या चौघांना माझी ओळख करून दिली. पुढचा अर्धा तास मी रांगेतला सन्माननीय पाहुणा होतो. असल्या रांगेत जात, गाव, पगार कुणी काढत नाही. कोणता अल्बम पहिला ऐकला, एवढंच विचारतात.

बहुतेकांचं उत्तर एकच असतं. 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' हा या बँडचा पहिला अल्बम १९८७ च्या जुलैत आला. आमच्याकडं तो पोचायला पुढची चार-पाच वर्षं गेली. १९९१ नंतर स्टार टीव्हीच्या छत्रीतून एमटीव्ही उतरला आणि 'नोव्हेंबर रेन'चा तो जवळजवळ नऊ मिनिटांचा व्हिडिओ लातूर-पुण्याच्या वसतिगृहांत लोकांनी डोळे फाडून पाहिला. मग कॅसेटवरून कॅसेट भरून घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या नकलेत गिटार पाण्याखालून वाजल्यासारखं व्हायचं, आणि इंग्रजी शब्द तर मराठी माध्यमाच्या कानाला मूळ कॅसेटमध्येही कळत नसत. जे ऐकू येई ते पाठ करायचं. अर्थ हा पुढचा विषय.

आणि गळा-गिटारीची खरी जोडी आपल्याकडं ऐकायला मिळाली होती कुठं? हाच बँड ९ डिसेंबर २०१२ ला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर येऊन गेला होता. पण तेव्हा व्यासपीठावर जुन्यांतला गायक अ‍ॅक्सल रोझ होता आणि की-बोर्डवर डिझी रीड. उंच टोपीवाला गिटारिस्ट स्लॅश १९९६ सालीच बँड सोडून गेला होता, बेस वाजवणारा डफ मॅकेगन १९९७ साली. दोघं परतले २०१६ ला. म्हणजे २०१२ मध्ये मुंबईकरांनी गळा ऐकला, पण ज्या गिटारवर तो गळा चढायचा ती गिटार ऐकायची राहिली. आता बारा वर्षांनी गिटार आली. गळा मात्र तोवर त्रेसष्ट वर्षांचा झाला होता.

इथंच खरी गंमत आहे. अ‍ॅक्सल रोझचा आवाज म्हणजे वरच्या पट्टीत जाऊन करवतीसारखा कापणारा. पंचविसाव्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेली ती पट्टी त्रेसष्टाव्या वर्षी कुणाला लागेल? 'वेलकम टू द जंगल'नं सुरुवात झाली तेव्हाच कळलं, की वरची जागा आली की आवाज बारीक होतोय. वृत्तपत्री समीक्षक अशा वेळी 'पूर्वीची धार राहिली नाही' असं लिहून मोकळे होतात, आणि ते खोटंही नसतं. पण मी जिथं उभा होतो तिथं तो बारीक आवाज कुणाला खटकलाच नाही. कारण ती वरची जागा आली की माझ्या आजूबाजूचे सगळे तोंड उघडत होते. त्याला जे जमत नव्हतं तेवढं मैदान उचलत होतं.

हे मी आधी कुठं पाहिलंय, ते लगेच आठवलं. आपल्याकडं पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी उभे असतात. शाहीर कडव्याचा शेवट करतो, झीलकरी तो सूर वरचेवर झेलतात आणि ताणून धरतात. तेवढ्यात शाहिरानं दम घ्यायचा, घाम पुसायचा आणि पुढच्या कडव्याला उभं राहायचं. शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आपल्या पहाडी आवाजानं गाजवल्या. पण पहाडी आवाजालाही झील लागतेच. झील नसेल तर पोवाडा म्हणजे एकट्याचं भाषण. महालक्ष्मीच्या मैदानात त्या रात्री हजारो झीलकरी पैसे मोजून आले होते. सुपारी द्यायची शाहिराला, आणि काम करायचं आपणच!

माझ्या डाव्या हाताला एक गृहस्थ होते. वय पन्नाशीच्या पुढं, डोक्याला लाल फडकं, काळा टी-शर्ट पोटावर ताणलेला, सोबत कॉलेजातली मुलगी. 'स्वीट चाइल्ड ओ' माइन'ची सुरुवातीची गिटार सुरू झाली. त्या तुकड्यात शब्दच नाहीत. तरी या गृहस्थांनी तो तोंडानं गायला सुरुवात केली, आणि तेच कशाला, सगळं मैदानच गिटार गाऊ लागलं. स्लॅशनं हा तुकडा मुळात बोटं मोकळी करताना गंमत म्हणून वाजवला होता, आणि १९८८ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढं शब्द आले तेव्हा आमच्या गृहस्थांचे निम्मे चुकीचे होते. कॅसेटवरून जे कानात बसलं तेच तीस वर्षं टिकलं होतं. मुलगी हसून दुरुस्त करू बघत होती. त्यांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. सूर मात्र एका जागी चुकला नाही.

दोन गाण्यांच्या मध्ये मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "अरे, आवाज कुणाचा?" पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिर दणाणून सोडणारी ती आरोळी. तिला त्या गर्दीतून एकाच वेळी चार वेगवेगळी उत्तरं आली. त्यातलं एकही बँडचं नव्हतं.

रॉकच्या दुनियेला हे झीलकऱ्यांचं प्रकरण फार पूर्वी उमगलं. १९७७ साली इंग्लंडात स्टॅफर्डजवळच्या बिंगली हॉलमध्ये क्वीन बँडचा कार्यक्रम संपला, तरी लोक जाईनात. फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते गाणं त्यांनी बँडलाच म्हणून दाखवलं. गिटारिस्ट ब्रायन मे यांच्या मनात आलं, की दाटीनं उभ्या असलेल्या लोकांना काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. त्यातून 'वी विल रॉक यू' झालं. दोन वेळा पाय, एक टाळी. गाण्याचा ताल लोकांच्या अंगावर बेतून शिवलेला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेतला फारूख बुलसारा. तिथल्या 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. १९८५ साली वेम्बलीला लाइव्ह एडमध्ये त्यानं एकेक तान घ्यायची आणि सगळ्या स्टेडियमनं ती परत द्यायची, हा खेळ जगानं टीव्हीवर पाहिला. झीलकऱ्यांना काय झेपेल याचा अंदाज ज्याला असतो, तो खरा शाहीर.

अ‍ॅक्सल रोझला तो अंदाज तरुणपणी नव्हता. ऑगस्ट १९९२ मध्ये माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये तो गळ्याची तक्रार सांगून कार्यक्रम अर्ध्यात सोडून गेला आणि बाहेर दंगल झाली. त्या वेळी त्याच्या गळ्यावर जग फिदा होतं. आता गळा उतरला आहे आणि हा माणूस शेवटच्या 'पॅराडाइज सिटी'पर्यंत उभा राहतो, धावतो, गातो. माझ्या मते त्याला म्हातारपणी झीलकऱ्यांवर भरवसा ठेवायला जमलं. तरुण वयात गायकाला वाटतं, सगळं आपल्याच गळ्यावर चाललंय.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडं वळतो. कानठळ्या बसल्या का? आवाज मोठा होताच, छातीत ढोल वाजावा एवढा. हार्ड रॉकनं मोठ्या आवाजाची मिरवणूक पूर्वीपासून काढलेली आहे. १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरात डीप पर्पलचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला. १९७६ मध्ये 'द हू'चा, तोही बत्तीस मीटर अंतरावर, १२६ निघाला. पुढं लोकांचे कान जाऊ नयेत म्हणून गिनीज बुकानं 'सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड' हा विक्रमच बंद केला. 'द हू'चा गिटारिस्ट पीट टाउनशेंड कानातल्या गुणगुणीनं हैराण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली मर्यादा सांगितली, की कार्यक्रमाच्या ठिकाणी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको. मी कापसाचे बोळे घेऊन गेलो होतो. तज्ज्ञ म्हणतात कापूस उपयोगाचा नाही, फोमचे इअरप्लग घ्या. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पण त्या आवाजात मला शेजाऱ्याचं गाणं ऐकू येत होतं, आणि माझं मलाही. हे कसं काय, म्हणून नंतर माहिती काढली. असल्या मैदानात सगळे कर्णे व्यासपीठाजवळ रचून पुढच्यांचे कान फोडत नाहीत. मागं ठिकठिकाणी मनोरे उभारून त्यांवर आणखी स्पीकर टांगतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. म्हणजे शंभर मीटर मागच्या माणसाला पुढचा सूर जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. तेवढाच उशीर मागच्या मनोऱ्यातल्या आवाजाला मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे दोन्ही एकत्र कानावर पडतात. आवाज पसरून वाटला, की कुठंच तो बेफाट करावा लागत नाही. तरी लोकांच्या गाण्याला कुणी उशीर लावून देत नाही. म्हणून पुढच्यांनी उचललेली ओळ मागं येईपर्यंत जरा रेंगाळते आणि मैदानातून लाटेसारखी जाते. ती लाट अंगावरून जाते ना, त्यासाठी लोक तिकीट काढतात. घरी हेडफोनवर हेच गाणं याहून स्वच्छ ऐकू येतं.

आमच्या वरातीतला आवाज मोजला तर कदाचित तेवढाच भरेल. फरक असा, की तो बोळात भरतो. ट्रॉलीवर भिंतीएवढे डबे, दोन्ही बाजूंना घरं, आणि समोर दहा फुटांवर नाचणारी पोरं. गाणारा तिथं कुणीच नाही, आणि कुणी गायला लागलाच तर त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. कायद्यानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगितलेत. ते आकडे पोलीस ठाण्याच्या फलकावर सुखात राहतात. रेसकोर्सवर रात्री दहाची वेळ पाळावी लागते, म्हणून जगभर उशिरा येण्यासाठी बदनाम झालेल्या बँडलाही आपल्याकडं संध्याकाळीच सुरुवात करावी लागते. आमच्याकडं दहा वाजता नवरदेव मारुतीच्या देवळापाशी पोचतो.

मोठ्या आवाजाला माझा विरोध नाही. त्या रात्रीनंतर तर मुळीच नाही. ज्या आवाजात माणसाला तोंड उघडावंसं वाटतं, तो कितीही मोठा असो, गाण्याचा आहे. ज्यात तोंड बंद होतं, तो नुसता गोंगाट. मैदानातही काही जण मोबाइल डोक्यावर धरून सगळा वेळ चित्रीकरण करत होते. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले आणि तोंड मिटलेलं, कारण आपला बेसूर आवाज त्यात यायला नको. त्यांनी तिकिटाचे पैसे पूर्ण भरले आणि कार्यक्रम अर्धाच पाहिला.

तेव्हा आमच्या गणेश मंडळांना एक सूचना. मिरवणुकीत गाणं रंगात आलं, की डीजेवाल्याला दोन ओळींपुरता आवाज बंद करायला सांगा. पोरांनी पुढची ओळ उचलली तर गाणंही बरं आहे आणि आवाजही बेताचा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले, तर पुढच्या वर्षी त्याच पैशात एखाद्या शाहिराला सुपारी द्या. झीलकरी तो सोबत आणतोच, आणि कमी पडले तर गाव आहेच की.