टीबीची नोंद सरकारकडे, मग गुप्ततेची हमी कुणाची?

“डॉक्टर, माझं नाव सरकारात कळवू नका,” असं टीबीचे रुग्ण आजही सांगतात. कळवावंच लागतं. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही ते बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. नोंद झाली तरच पाठपुरावा होतो, पोषणाचे पैसे खात्यात येतात.

पण ही माहिती फुटली तर? आजाराच्या माहितीला ‘संवेदनशील’ ठरवणारे २०११ चे नियम फक्त कंपन्यांपुरते होते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सरकारी खात्यांनाही धरतो, पण कलम १७ नुसार सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन केंद्र आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्यातून वगळू शकतं. शिवाय ‘संवेदनशील’ हा वर्गच त्यात नाही. टीबीचा रिपोर्ट आणि मोबाइल नंबर एकाच तागडीत! दंड २५० कोटींपर्यंत, तोही सरकारी तिजोरीत. ज्या मुलीचं लग्न मोडलं तिला या कायद्यातून एक रुपयाही भरपाई नाही.

एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ च्या कायद्यात गोपनीयतेची स्वतंत्र तरतूद झाली, सरकारी दवाखान्यांसकट. टीबीच्या रुग्णाने काय घोडं मारलंय? आजाराच्या नोंदींना ही सूट लागू होणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहा आणि भरपाई रुग्णाच्या हातात द्या.