पोत्यातली पूड तपासली, छाती कुणी तपासायची?



गारगोटी आपल्याला नवीन नाही. नांगर खडखडला की शेतात निघते. पोरं अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या काढतात, म्हातारी माणसं तिच्यावर लोखंड आपटून विडी पेटवायची. हा पांढरा दगड माणूस मारतो असं कुठल्या बडव्याने आपल्याला सांगितलं नव्हतं. खरंच आहे ते. डोंगरात पडलेली गारगोटी कुणाला मारत नाही. ती मशिनीत घालून मैद्यासारखी दळली की मारते.

२०१६ च्या मे महिन्यात, ४ तारखेला, सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारला सांगितलं की गोध्रा-बालासिनोरच्या गारगोटी दळायच्या कारखान्यांत काम करून मेलेल्या २३८ आदिवासींच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्या. हे २३८ जण अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले. अलिराजपूर म्हणजे कुठे लांब नाही. नर्मदेच्या या काठाला अक्कलकुवा-धडगाव आणि त्या काठाला अलिराजपूर. तीच भिल, भिलाला माणसं, तोच भोंगऱ्या, त्याच सोयरिकी. मानवी हक्क आयोगाने हीच रक्कम नोव्हेंबर २०१० मध्येच द्यायला सांगितली होती. वर ३०४ आजारी माणसांच्या पुनर्वसनाचं मध्य प्रदेश सरकारला सांगितलं होतं. म्हणजे आयोगापासून कोर्टाच्या निकालापर्यंत साडेपाच वर्षं गेली. त्या आजाऱ्यांना इतकी वर्षं थांबायला छातीत जागा कुठे होती?

रोगाचं नाव सिलिकोसिस. गारगोटीची पूड इतकी बारीक असते की जी सगळ्यात घातक, ती डोळ्याला दिसतच नाही. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक. दिसते ती धूळ नाकात अडकते, शिंकेने, थुंकीने निघून जाते. न दिसणारी थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. शरीर तिला गिळायला बघतं, पचवू शकत नाही, आणि तिच्याभोवती गाठी धरतात. हळूहळू फुप्फुस भाकरीसारखं कडक होत जातं. धूळ फार असेल तर हे वीस वर्षांनी होत नाही, दोन-चार वर्षांतच होतं. काम सोडून घरी आलं तरी रोग आत वाढतच राहतो. त्यावर औषध नाही. ठेकेदार म्हणतो, 'गूळ खा, दूध पी, धूळ निघून जाईल.' गूळ पोटात जातो, साथींनो. धूळ पोटात नसते.

आता आमचं मुख्य म्हणणं. हे सगळं झालं की मालक, ठेकेदार, कधी कधी साहेब लोकही एकच बोलतात: 'आदिवासी अडाणी, तोंडाला फडकं बांधत नाही, त्याला कोण काय करणार?' हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा मालकाच्याच कारखान्यात पडलेला आहे.

ही पूड जाते काचेच्या कारखान्याला, चिनीमातीच्या भांड्यांना, पोलाद वितळवायच्या भट्टीच्या अस्तराला. तिथला गिऱ्हाईक काही आंधळा नाही. पूड किती बारीक ते तो चाळणीने बघतो. पुडीत लोखंडाचा अंश असला तर काच हिरवट होते, म्हणून तेही तपासून घेतो. माल पास झाला नाही तर गाडी परत. त्यामुळे चाळणीला भोक पडलं की मशीन बंद पडते, पट्टा ढिला झाला की फिटर धावत येतो. म्हणजे कारखान्यात तपासणीची अक्कल आहे. मोजायची साधनं आहेत, नोंदवही आहे. फक्त ती पोत्यासाठी आहे. पोतं भरणाऱ्या बाईच्या नाकासमोर किती पूड उडते, ते मोजायला त्या वहीत रकाना नाही. पूड किती बारीक झाली हे ज्याला रोज कळतं, त्याला ती कुठवर जाते हे कळत नाही, यावर आम्ही विश्वास ठेवावा?

आणि उपाय काय असतो? चंद्रावरची विद्या लागत नाही. दळायच्या मशिनीला चहूबाजूंनी बंद करायचं. धूळ जिथे निघते तिथेच ओढून घेणारा पंखा आणि पिशवी लावायची. जिथे जमेल तिथे दगड ओला करून फोडायचा. झाडू मारायच्या ऐवजी पाण्याने धुवायचं. पोती हाताने न भरता बंद नळीने भरायची. एवढं करून जी धूळ राहील तिच्यासाठी नाकाला घट्ट बसणारी, गाळणीवाली टोपडी द्यायची. फडकं म्हणजे काहीच नाही, ज्या धुळीने मरण येतं ती फडक्यातून आरपार जाते. सगळ्यात शेवटी यायची गोष्ट हे लोक सगळ्यात आधी सांगतात, कारण फडकं स्वस्तात मिळतं आणि पंख्याला खूप पैसे लागतात. फडकं बांधलं नाही तर चूक मजुराची ठरते, हा वर फायदा.

कायद्यानेही हेच सांगितलं होतं, आणि तो कालचा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात लिहिलं होतं की धूळ निघत असेल तर ती कामगाराच्या नाकात जाऊ नये असा बंदोबस्त मालकाने करावा, जिथे निघते तिथेच ओढून घ्यावी, मशीन शक्य तितकी बंद ठेवावी. कलम ८९ प्रमाणे सिलिकोसिस हा कळवायचा रोग होता. पेशंट सापडला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकाच्या वरिष्ठ कचेरीला लिहून कळवलंच पाहिजे, असं त्यात होतं. पण विजेवर चालणाऱ्या जागी दहा मजूर असले तरच हा कायदा आपोआप लागायचा. म्हणून हजेरीपटावर आठ-नऊ नावं असायची आणि शेडमध्ये तीस माणसं. जी माणसं हजेरीवर नाहीत ती कारखान्यात मरत नाहीत. ती गावी येऊन, खाटेवर मरतात, आणि कागदावर क्षयाने मरतात.

भोपाळ आठवा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत चाळीस टनांच्या आसपास विषारी द्रव होता. त्याला थंड ठेवायची यंत्रणा बंद करून ठेवलेली होती. निसटलेला वायू जाळून टाकायचा धुराडा दुरुस्तीसाठी सोडवलेला होता. वायू धुऊन काढायचं यंत्र चालू स्थितीत नव्हतं. म्हणजे सुरक्षेची साधनं विकत आणलेली होती, फक्त चालवली नाहीत, कारण चालवायला पैसे लागतात. आणि ही सूचना न देता आलेली आपत्तीही नव्हती. १९८१ मध्ये तिथलाच एक कामगार विषारी वायूने मेला होता, आणि १९८२ मध्ये राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने शहर ज्वालामुखीवर बसलंय असं छापून सांगितलं होतं.

याच युनियन कार्बाइडची आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नाही. १९३०-३१ साली अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियात, हॉक्स नेस्ट नावाच्या ठिकाणी या कंपनीसाठी डोंगर फोडून पाण्याचा बोगदा काढला. आत निघाली गारगोटीची खाण. कंपनीला आनंदच झाला, तो दगडही तिच्या भट्टीला लागत होता. काम लवकर उरकावं म्हणून पाणी न वापरता कोरडंच छिद्र पाडलं. आतले मजूर बहुतेक काळे, दक्षिणेकडून पोट घेऊन आलेले. शेकडो माणसं सिलिकोसिसने मेली. आणि बोगदा बघायला येणारे साहेब तोंडाला गाळणी लावून यायचे! माहीत नव्हतं असं कोण म्हणतो? तेव्हाच माहीत होतं. गोध्र्याच्या मालकाला ते शोधून काढायची गरज नव्हती.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा आमच्याच बैठकीत वाद झाला. काही साथी म्हणाले, 'आपली संघटना जमिनीची. नवाडचे दावे अजून पडून आहेत, वनखात्याशी भांडण चालू आहे, त्यात हे कारखान्याचं कशाला? ते युनियनवाल्यांचं काम.' त्यांचा राग खोटा नाही, माणसं थोडी आणि काम फार. पण अलिराजपूरला हा रोग कुणी उजेडात आणला ते बघा. त्यात खेडूत मजदूर चेतना संगठ होती, आणि तीही आपल्यासारखीच जंगल-जमिनीची संघटना आहे. रोगी माणसं तिच्याच सभासदांच्या घरातली होती.

आणि आमच्या घरचं एक सांगतो. नाव-गाव लिहीत नाही, त्या घरच्या लोकांनी तसं सांगितलंय. आमच्या एका पाड्यावरचा पोरगा तीन वर्षं दगड दळायच्या कामाला गेला. परत आला तेव्हा डोंगर चढताना दोनदा बसायचा. दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, सहा महिने खाल्ल्या, गुण आला नाही, परत सुरू केल्या. शेळ्या गेल्या, बैलजोडी गेली, शेवटी नवाडचा वरचा तुकडा गहाण पडला. स्थळपाहणीला समिती आली त्या दिवशी तो जिल्ह्याच्या दवाखान्यात होता आणि बायको त्याच्याजवळ. तुकड्यावर दाखवायला कुणी नाही, म्हणून दाव्यावर शेरा पडला. जिल्ह्याच्या डॉक्टरने एक्सरे उजेडात धरला आणि विचारलं, 'बाबा, तू काम काय करायचास?' तेवढा एक प्रश्न दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता.

कुणी म्हणजे आम्हीपण. आमचा कार्यकर्ता दाव्याच्या कागदांसाठी त्या घरी तीनदा गेला होता. ओट्यावर बसून चहा प्यायला, पुराव्याला वडिलांची दंडाची पावती मागितली, सह्या-अंगठे घेतले. आतून खोकला ऐकू येत होता. त्याने विचारलं नाही. जमिनीचे कागद गोळा करायला गेलेल्या माणसाला खोकला हा पुरावा वाटला नाही. तो पोरगा गेल्या पावसाळ्यात गेला. तेव्हा जमिनीचं आणि कारखान्याचं वेगळं आहे हे म्हणणं आम्ही सोडून दिलं. जमीन पाणी धरत नाही, म्हणून माणूस बाहेर जातो, आणि बाहेरून आजारी होऊन आला की जमीनच विकून बसतो.

काही जण म्हणतात, 'पोरांना जाऊच देऊ नका.' बोलायला सोपं. दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आपणच बघतो. घरात दाणे नसतील तर संघटनेचा ठराव शिजवून खाता येत नाही. कारखाने बंद पाडा असंही आम्ही म्हणत नाही. काच सगळ्यांनाच लागते. पण जो कारखाना मजुराची छाती जाळल्याशिवाय चालू शकत नाही, तो बंदच असलेला बरा, आणि जो पंखा बसवून चालू शकतो त्याने तो बसवूनच चालवावा. मधला रस्ता आम्हाला मान्य नाही.

तीन लाखांबद्दलही आमचं मत सांगून टाकतो. ज्यांना मिळतायत त्यांनी घ्यावे, तो हक्क आहे. पण हे पैसे सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून. ज्याने पुडीचं पोतं विकून नफा केला त्याच्या खिशाला काय लागलं? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात सिलिकोसिस कामाचा रोग म्हणून लिहिलेला होता, ती भरपाई मालकाने द्यायची असायची. ती मागायला मजुराने दाखवावं लागतं की मी इथे कामाला होतो. आणि तिथेच सगळं अडतं, कारण हातात चिटोरंही नसतं. दुसऱ्या राज्यातल्या मजुरांचा १९७९ चा कायदा ठेकेदाराने फोटोवालं पासबुक द्यावं असं सांगायचा. आमच्या भागात एवढी माणसं जातात, आम्ही आजवर एकही पासबुक बघितलेलं नाही. तुम्ही बघितलं असेल तर दाखवायला आणा, आम्ही फोटो काढून ठेवू.

ठेकेदार देत नाही तर आपली ग्रामसभा लिहून ठेवेल. दाव्यांसाठी आपण वह्या घातल्या, झाडं मोजली, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. तशीच एक वही: कोण गेला, कुणाबरोबर, मुकादमाचा फोन नंबर, कुठल्या गावच्या कारखान्यात, काय काम, कधी आला. तिथे असताना मजुरीच्या चिठ्ठ्या, बसची तिकिटं फेकू नका. कारखान्याच्या पाटीसमोर उभं राहून कुणाच्या तरी मोबाईलवर एक फोटो काढा. कामावर काय धोका आहे ते विचारायचा हक्क त्याच कारखाना कायद्याच्या १११-अ कलमात होता, भोपाळनंतर १९८७ मध्ये घातलेला. एकट्याने विचारलं तर हाकलून देतील हे आम्हाला कळतं, म्हणून टोळीने विचारा. आणि दवाखान्यात गेलात की डॉक्टर विचारो न विचारो, पहिलं वाक्य हेच बोला: 'मी दगड दळायच्या कामाला होतो.' ते केसपेपरवर लिहून घ्या. एक्सरेची फिल्म दवाखान्यात सोडून येऊ नका, ती सातबाऱ्याइतकी जपा.

वही पुढच्या महिन्याच्या बैठकीत उघडायची आहे, टोळ्या निघायच्या आधी. ज्यांच्या घरी कुणी दगडाच्या, काचेच्या किंवा पुडीच्या कामाला जाऊन आलंय, मग ते आज धडधाकट असले तरी, त्यांनी स्वतः यावं. जे गेले त्यांच्या घरच्यांनी जुने केसपेपर, एक्सरे, औषधांच्या पावत्या जे असेल ते घेऊन यावं. बायांनी मुद्दाम यावं, पोती भरायला त्याच जास्त असतात आणि यादीत त्यांचीच नावं कमी असतात.