हप्ते थकलेत, घर गेलेले नाही

मराठी वर्तमानपत्राची मधली पाने उलटताना एका जाहिरातीवरून आपली नजर सहज पुढे सरकते. वर ठळक अक्षरांत ‘ताबा सूचना’ किंवा ‘ई-लिलाव विक्री सूचना’ आणि खाली बारीक टायपात रकाने. कर्जदाराचे नाव, सहकर्जदाराचे नाव, फ्लॅट क्रमांक, मजला, चटईक्षेत्र, थकबाकी, राखीव किंमत. सहकर्जदाराच्या रकान्यात कुठे बायको असते, कुठे म्हातारे वडील. एकदा थांबून ती पाने वाचा. त्या प्रत्येक ओळीत एक घर आहे आणि ते वाचू शकले असते, अशी दाट शक्यता आहे.

ही घरे आपल्यासारख्यांचीच आहेत. भाड्याच्या खोलीतून वन बीएचकेत आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाटी लावलेल्या माणसांची. हप्ता बुडवावा म्हणून कोणी कर्ज काढत नाही. कारखान्यातला ओव्हरटाइम बंद होतो, आयटीतली नोकरी जाते, घरातल्या एखाद्याच्या आजारपणात शिल्लक संपते. त्यात व्याजदर फिरतो. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या दराचे कर्ज घेतलेल्या कितीतरी घरांत हप्ता तरी वाढला, नाहीतर मुदत तरी लांबली.

आणि मग आपण करतो काय? गप्प बसतो. बँकेचा फोन उचलत नाही. पोस्टाने आलेले पाकीट न फोडता फ्रिजवर ठेवतो. भावाला सांगत नाही, शेजाऱ्याला कळू देत नाही. लोक काय म्हणतील, या एका धास्तीपायी महिने निघून जातात. खरे नुकसान त्या महिन्यांत होते.

जरा हिशेब करू. २५ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता येतो साधारण २१ हजार ७०० रुपये. तीन हप्ते चुकले तर थकबाकी सुमारे ६५ हजार, शिवाय दंड. ही रक्कम मोठीच आहे, पण नातेवाईक, थोडे दागिने, एखादी मोडलेली ठेव यांतून उभी राहू शकते. मात्र थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी, म्हणजे तारण मालमत्तेतून वसुलीच्या, कायद्याच्या कलम १३(२) खाली नोटीस पाठवू शकते. त्या नोटिशीत मागणी ६५ हजारांची नसते. उरलेले सगळे कर्ज ६० दिवसांत फेडा, अशी असते. पहिल्या वर्षातला कर्जदार असेल तर जवळजवळ २५ लाख. हप्त्यातला मोठा भाग सुरुवातीला व्याजातच जातो, पहिल्या महिन्यात तर मुद्दलापैकी जेमतेम चार हजार फिटतात.

म्हणून पहिले ९० दिवस सोन्याचे आहेत. हप्ता चुकणार असे दिसताच, चुकायच्या आधीच, शाखेत जायचे. लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. अर्जात अडचण काय, ती किती महिन्यांची आणि आज आपण किती भरू शकतो, हे तीन मुद्दे हवेत. सोबत नोकरी गेल्याचे पत्र किंवा हॉस्पिटलची कागदपत्रे जोडा. मुदत वाढवून हप्ता कमी करणे, काही काळ सवलत, कर्जाची पुनर्रचना हे मार्ग बँकेकडे असतात. त्यांपैकी काय द्यायचे ते बँक ठरवते, पण मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही. लिलाव करणे बँकेलाही सोपे नसते. त्यात वेळ जातो, खर्च होतो आणि किंमतही पडते. कर्ज सुरळीत फिटावे असेच तिलाही वाटत असते, हे लक्षात ठेवून बोलायला बसू या.

खाते एनपीए झाले तरीही दार बंद होत नाही. थकलेले सगळे हप्ते व्याजासह भरले की खाते पुन्हा नियमित करता येते. आणि त्या ६० दिवसांच्या नोटिशीला उत्तर द्यायचा हक्क आपल्याला आहे. आकडा चुकला असेल, भरलेला हप्ता धरला नसेल, तर लेखी हरकत घ्या. ती नाकारायची असेल तर १५ दिवसांत कारणांसह कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. हा हक्क फुकट मिळालेला नाही. मूळ कायद्यात दाद मागायची तर मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरा, अशी अट होती. एप्रिल २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण ती अट रद्द केली आणि कर्जदाराचे म्हणणे विचारात घेतलेच पाहिजे असे बजावले. मग हरकतीची तरतूद कायद्यातच आली. कोणीतरी भांडले म्हणून आज आपल्या हातात हे हत्यार आहे. ते गंजू द्यायचे नाही.

दारावर ताबा सूचना चिकटवली गेली म्हणजे दुसऱ्या दिवशी सामान बाहेर, असेही नाही. बहुतेक वेळा तो सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री, ताबा असतो. त्यापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही न्यायाधिकरणे आहेत. दिवाणी कोर्टात जाऊन दिवस घालवू नका, या प्रकरणांत त्या कोर्टाला अधिकार नाही. कर्ज बरेचसे फिटले असेल आणि बाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल, तर सरफेसीची कारवाई लागूच होत नाही. निवृत्तीला टेकलेल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसते.

वकिलाची फी कुठून आणायची? इथे तो सहकर्जदाराचा रकाना पुन्हा पाहा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, आणि न्यायाधिकरणापुढची प्रकरणेही त्यात येतात. कर्जात बायकोचे नाव असेल तर तिने जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे किंवा १५१०० वर फोन करावा. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही हाच हक्क आहे. बँकेशी तडजोड करायची असेल तर लोकअदालतीतही प्रकरण ठेवून घेता येते. तिथे कोर्ट फी लागत नाही.

एक कठीण गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. काही घरे हप्ता भरून वाचणार नाहीत, कारण उत्पन्नच परत येणार नसते. अशा वेळी लिलावाची वाट बघू नका. बँकेला कळवून, तिची संमती घेऊन घर स्वतः विका. राजीखुशीने आलेल्या गिऱ्हाइकाकडून मिळणारी किंमत लिलावापेक्षा सहसा बरी असते, कर्ज फिटते आणि वरचे चार पैसे पुन्हा उभे राहायला हाताशी राहतात. पण हे लिलावाची जाहिरात येण्याआधी करायला हवे. सगळी रक्कम भरून घर सोडवून घेण्याचा कायदेशीर हक्क ती जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. कलम १३(८) चा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केला आहे.

आणि सावकाराकडे जाऊ नका. ना गल्लीतल्या, ना मोबाइलमधल्या. नऊ टक्क्यांचा हप्ता भरायला महिना पाच टक्क्यांनी पैसे घेतले की घरही जाते आणि सावकारही राहतो. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

वसुलीसाठी येणाऱ्यांनाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान, धमकी, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास हे सगळे नियमबाह्य आहे. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, चौकशीचा क्रमांक १४४४८. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते.

हे सगळे एकट्या कर्जदाराच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. ज्याची झोप उडाली आहे त्याला कलमे वाचवत नाहीत. ती आपण वाचू. आपल्या प्रत्येक उपनगरात, प्रत्येक तालुक्याच्या गावी निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वकील आहेत, सीए आहेत. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ मंडळाने या विषयाला द्यावी. सोसायटीच्या सूचनाफलकावर गळतीच्या नोटिशीशेजारी १५१०० आणि १४४४८ हे दोन क्रमांक लिहावेत. ज्येष्ठ नागरिक संघाने महिन्यातून एकदा नोटिसा वाचून द्यायला बसावे. बचत गटाच्या बैठकीत एखादी ताई अलीकडे गप्प असेल तर बाजूला घेऊन विचारावे.

शेजारचा कर्ता माणूस गेला असेल तर त्याच्या घरच्यांना जरूर सांगा की कर्जाची फाइल काढा. गृहकर्जासोबत विमा घेतलेला असतो आणि मागे राहिलेल्यांना त्याचा पत्ताच नसतो, असेही होते. दावा मंजूर झाला तर कर्ज त्यातून फिटू शकते.

कोणी फार खचले असेल तर त्याला एकटे सोडू नका. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यावर मराठीतही बोलता येते.

तुमच्या फ्रिजवर एखादे पाकीट पडले असेल तर आज ते फोडा, त्यावरची तारीख बघा आणि उद्या बँक उघडताच शाखेत जा. एकटे जाऊ नका, विश्वासाचे कोणीतरी सोबत न्या. आणि शेजारी असे पाकीट घेऊन तुमच्या दारात आला, तर त्याला आत बोलवा, बसवा आणि नोटीस त्याच्याबरोबर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.