पुस्तके हरवू द्या!

मुलांच्या ग्रंथालयाची योग्यता कशावरून ठरवावी? वर्षअखेरच्या पडताळणीत ज्या कपाटातील पुस्तके एकूणएक जागेवर सापडतात ते ग्रंथालय उत्तम, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. आमचे मत नेमके याच्या उलट आहे. ज्या शाळेत वर्षभरात एकही पुस्तक हरवले नाही, एकाचेही पान सुटले नाही, एकावरही शाईचा वा चिंचेचा डाग पडला नाही, त्या शाळेत ग्रंथालयच नाही. तेथे पुस्तकांचे कोठार आहे, आणि ग्रंथपाल या नावाचा एक पहारेकरी त्याच्या दारावर बसविलेला आहे. हे विधान काहींना उच्छृंखल वाटेल. आमच्याप्रमाणेच ज्यांची हयात साठ्याच्या नोंदवह्या जुळविण्यात चालली आहे, त्या सरकारी नोकरीतील बांधवांना तर ते विशेषच खटकेल. हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

आम्ही भिलाईत केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली, आणि भाताच्या खाचरांच्या या मुलखात प्रांतोप्रांतीची माणसे येऊन वसली. त्यांत मराठी माणसेही होती, आजही आहेत. कोणी कारखान्यात, कोणी बँकेत, कोणी आमच्यासारखे बदलीच्या हुकुमाने आलेले. आमची मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. मराठी त्यांना घरात ऐकू येते. मराठी पुस्तक हाती येण्याचा प्रसंग मात्र क्वचितच.

येथील एका शाळेतील ग्रंथपालबाई आमच्या परिचयाच्या आहेत. त्यांची मातृभाषा हिंदी. हाती आल्या आल्या त्यांनी कपाटांची दारे उघडली, खालच्या फळ्यांवर लहानांची पुस्तके मांडली, जमिनीवर सतरंजी अंथरली, आणि आठवड्यातून एकदा एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखविण्याचा परिपाठ सुरू केला. गोष्ट ऐन रंगात आली की त्या पुस्तक मिटीत आणि उरलेले ज्याचे त्याने वाचावे म्हणून ते फळीवर ठेवून देत. पुस्तक वाचणाऱ्या मुलाने त्याविषयी दोन ओळी एका कार्डावर लिहावयाच्या आणि ते कार्ड पुस्तकातच ठेवावयाचे, म्हणजे पुढल्या वाचकाला शिफारस मिळते, अशीही त्यांची एक योजना होती. देवघेवीची वही सातवीतील मुले आळीपाळीने लिहीत. इतकेच नव्हे, तर वर्गातील मराठी, बंगाली, तेलुगू मुलांच्या पालकांना त्यांनी निरोप धाडला: आपापल्या भाषेतील बालपुस्तके असतील तर आम्हांला द्या. मराठी घरांतून त्यांना काय मिळाले? दोन पाककृतींची पुस्तके आणि जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा!

वर्षाच्या शेवटी अकरा पुस्तके कमी भरली. बाईंकडून लेखी खुलासा मागविण्यात आला, किंमत पगारातून वसूल करण्याची भाषा झाली, आणि अखेर कपाटांना कुलपे लागली. आता मुले रांगेने येतात, वहीतील क्रमांक सांगतात, आणि ग्रंथालयाचा तास बहुधा गैरहजर शिक्षकाच्या बदली तासासाठी खर्ची पडतो. बाई त्या तासाला गणिताचे पाढे म्हणवून घेतात. शिस्तीचा विजय झाला, पुस्तके सुरक्षित राहिली, आणि वाचक तेवढे नाहीसे झाले.

नियमाचा आधार घेऊन कुलूप लावणाऱ्यांना आम्ही नियमच दाखवू इच्छितो. कारण तो वाचणे हा आमचा पोटापाण्याचा उद्योग आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत 215 क्रमांकाचा नियम ग्रंथालयातील पुस्तकांच्या पडताळणीविषयी आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या अथवा त्यांनी चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी समजावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी, असे तो नियम सांगतो. हजार रुपयांहून अधिक किमतीचे वा दुर्मीळ पुस्तक हरवल्यास चौकशी अवश्य करावी, हेही त्यात आहे. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत असली किती सापडणार? आता त्रैराशिक मांडा. वर्षात चार हजार वेळा पुस्तके मुलांच्या हाती गेली असतील, तर वीस पुस्तकांची घट वाजवी ठरते. उलट जेथे कपाट उघडलेच नाही, तेथे शून्याच्या हिशेबाने एकाही पुस्तकाची सूट मिळत नाही! म्हणजे नियम करणाऱ्यांनी सूट दिली ती वापराच्या प्रमाणात. जितके वाचाल तितके हरविण्यास मोकळे आहात, हा त्याचा अर्थ. ज्या शाळांना हे नियम थेट लागू नसतील, त्यांनीही सरकारी खजिन्याहून अधिक कंजूष होण्याचे कारण काय? कुलूप लावणारा हात नियमाचा नाही. तो भित्र्या माणसाचा आहे आणि त्याने नियमाचा बुरखा पांघरला आहे.

कायदाही याहून निराळे बोलत नाही. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हणतो, आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांवरील पुस्तके असावीत असे सांगताना गोष्टींच्या पुस्तकांचा उल्लेख नाव घेऊन करतो. संसदेला गोष्टीचे महत्त्व कळले. शाळेच्या व्यवस्थापनाला ते कळावयास आणखी किती वर्षे लागणार?

दर वर्षी 12 ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. हे गृहस्थ मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील पहिलाच असा की पुस्तके ही वापरासाठी असतात. मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळदंडांनी मेजाला जखडून ठेवीत. त्या साखळीच्या विरुद्ध उभा राहिलेला हा सिद्धांत आहे. ज्यांच्या खिशात कपाटाची किल्ली आहे, त्यांनी तसबिरीला हार घालून कोणता सिद्धांत पाळला?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना तर या बाबतीत अभिमानाचा वारसा आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि संस्थानभर विनामूल्य वाचनालयांचे जाळे विणले. जेथे वाचनालय उभे राहणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या. पेटी गावोगाव फिरली की पुस्तके हरवणार, झिजणार, हे त्या राजाला कळत नव्हते काय? कळत होते, पण पुस्तक झिजल्याशिवाय माणूस घडत नाही हेही त्याला कळत होते.

आता आमच्या मुख्य दुखण्याकडे वळू. भिलाईतील मराठी मुलाजवळ एक मोठे भांडवल आहे, आणि त्याची जाणीव त्याच्या आईबापांना नाही. बंगळूरच्या किंवा चेन्नईच्या मराठी मुलाला मराठी वाचण्यासाठी पुष्कळदा लिपीपासून प्रारंभ करावा लागतो. आमच्या मुलाला हिंदीच्या कृपेने देवनागरी पहिलीपासून येते. किल्ली त्याच्या हातात आहे. फक्त दार दाखवावयाचे आहे. उरतात त्या चारदोन अडचणी. 'ळ' त्याच्या जिभेवर बसत नाही, 'चाक' आणि 'चार' यांतील च वेगळे आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते, नपुंसकलिंग त्याला चमत्कारिक वाटते. आणि 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून मराठी आजोबा दचकतात, कारण हिंदीत जे शिक्षण तीच मराठीत शिक्षा! उत्साही ग्रंथपालाच्या हाती ही अडचण म्हणजे खेळाचे साहित्य आहे. दोन भाषांत निराळ्या अर्थाने नांदणाऱ्या शब्दांच्या जोड्या मुलांकडून जमवून घेतल्या, तर एका तासात वर्ग हसून लोळेल आणि दोन्ही भाषा शिकेल.

हिंदीशी आमचे वैर नाही. याच छत्तीसगडात पेंड्र्याहून माधवराव सप्रे या मराठी गृहस्थांनी 1900 साली 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले. भिलाईहून जवळच असलेल्या राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून अध्यापन करीत होते. ते हिंदीचे थोर कवी, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी. एकाच घरात दोन भाषा अशा मानाने नांदू शकतात. परंतु त्या नांदावयाच्या तर दोन्हींची पुस्तके घरात असावी लागतात. एकीची पुस्तके आणि दुसरीच्या केवळ आरत्या, अशा वाटणीत दुसरी भाषा माजघरातच मरते.

येथे आमचे काही बांधव म्हणतील की गणेशोत्सव आहे, हळदीकुंकू आहे, मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे, मग चिंता कसली? दर्जा मिळाला याचा आम्हांसही आनंद आहे. परंतु दर्जा भूतकाळाला मिळतो. वाचक मात्र दहा वर्षांच्या मुलातूनच घडवावा लागतो. उत्सवात मूल एक दिवस मराठी होते, आणि पुस्तक आवडले तर जन्मभर. दुसरे म्हणतील, मुलांना वेळ कोठे आहे? अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांचे वेड या गावात मोठे, हे खरे. पण सातवीतल्या मुलाचा गोष्टीचा अर्धा तास हिरावून घेऊन जो अभियंता तयार व्हावयाचा, तो प्रश्नपत्रिकेतील उतारा तरी समजून कसा वाचणार? तिसरे म्हणतील, आता सारे दूरध्वनीच्या पडद्यावर मिळते. मिळते खरे. बालभारतीचे 1971 पासून निघणारे 'किशोर' मासिक, त्याचे जुने अंकसुद्धा महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. किती घरांत ते उघडले गेले? वस्तू उपलब्ध असणे आणि कोणीतरी ती प्रेमाने हाती देणे यांत अंतर आहे. ते अंतर तोडणाऱ्या माणसालाच ग्रंथपाल म्हणतात.

आणखी एक वर्ग आहे, तो सर्वांत धोकादायक. कारण तो पुस्तके देतो! पण देतो ती कशी? थोरांची चरित्रे, सुविचारांचे संग्रह, स्पर्धापरीक्षेचे मार्गदर्शक. मुलाने हसावे, घाबरावे, रात्री पांघरुणात वाचावे असे पुस्तक त्याला 'वेळेचा अपव्यय' वाटते. त्यांना आपल्या भाषेचा इतिहासच ठाऊक नाही. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 साली 'बालबोध' काढले, वासुदेव गोविंद आपट्यांनी 1906 साली मासिकाला नावच 'आनंद' दिले, भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला सायकलवर बसवून दोन पिढ्यांना मागे धावावयास लावले, माधुरी पुरंदऱ्यांनी चित्र आणि शब्द यांचा संसार मांडला. यांतील कोणीही मुलाला औषध पाजण्यासाठी लिहिले नाही. उपदेशाची सक्ती झाली की मूल पुस्तकापासून पळते, आणि मग आपणच ओरडतो की हल्लीची मुले वाचीत नाहीत.

कुलपावाचून पुस्तके ठेवता येतात काय, असे विचारणाऱ्यांनी भिलाईच्या नावाशी यमक जुळविणाऱ्या भिलारला जावे. पाचगणीजवळच्या त्या गावाला 2017 साली 'पुस्तकांचे गाव' करण्यात आले. गावकऱ्यांच्या घरांत पुस्तके मांडली आहेत. कोणीही अनोळखी माणसाने यावे आणि वाचीत बसावे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना पुस्तकांच्या पेट्या कुटुंबांच्या गटांत फिरविते, आणि त्या पेट्या परदेशांतील मराठी घरांपर्यंत पोहोचल्या आहेत. स्ट्रॉबेरी पिकविणारा शेतकरी आपल्या घरात परक्यावर विश्वास टाकतो. आणि आम्ही शिकलेली माणसे आमच्याच मुलांवर टाकू नये?

यास्तव आमच्या मागण्या थोडक्या आहेत. पालकसभेत गुणांची चौकशी करून झाल्यावर एक प्रश्न अधिक विचारावा: ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे असते? ग्रंथपालाला बदली तासांचा राखीव शिपाई समजण्यास हरकत घ्यावी, आणि आठवड्यातील वाचनाचा तास वेळापत्रकात अबाधित ठेवण्याचा आग्रह धरावा. वापरात हरवलेल्या पुस्तकांबद्दल ग्रंथपालाच्या पगाराला हात लावू देऊ नये. त्यासाठी वर सांगितलेला नियम शाळेच्या टेबलावर ठेवावा. प्रत्येक शाळेत पन्नास मराठी बालपुस्तकांची एक फळी आपण मंडळींनी भरून द्यावी आणि परत मागू नये. बदलीचा हुकूम आला की सामान बांधताना मुलांची लहान झालेली पुस्तके रद्दीवाल्याला न देता त्या फळीवर ठेवून जावे. जेथे जाऊ तेथे दुसऱ्या कोणी ठेवलेली पुस्तके आपल्या मुलाची वाट पाहत असतील, अशी परंपरा पडावी.

ज्या बाईंनी मराठी नसताना मराठी पुस्तके मागितली, त्यांना आपण पाककृती पाठविल्या. ती मागणी अद्याप कायम आहे. तिचे उत्तर या उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाऊन येताना प्रत्येकाने पिशवीतून आणावे, आणि ती पुस्तके मुलांच्या हातांनी मळतील, फाटतील, क्वचित हरवतीलही, याची मनाची तयारी करूनच आणावे.