वजन वाढलं, पण कशाचं?

द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबं ओझर-निफाडच्या बागांवर कामाला येतात. त्यांची पहिली-दुसरीतली मुलं तपासायला येतात, तेव्हा आईची तक्रार ठरलेली असते: "पोरगं अंगच धरत नाही." घरी उपाय सुरूही झालेला असतो. सकाळी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा, दुपारी पाच रुपयांचं चटपटीत पाकीट, चार पैसे असले तर वजन वाढवायची पावडर. काही महिन्यांनी काटा पुढे सरकतो आणि सगळे निर्धास्त होतात. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो: हे वाढलेलं वजन स्नायूंचं आहे की चरबीचं?

आपल्याकडे हा प्रश्न जन्मापासूनच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जिल्ह्यातल्या खेड्यांतली नवजात बाळं मोजून त्यांची इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबीकडे झुकलेली.

पुढे काय होतं, हे दिल्लीतल्या दीर्घ अभ्यासाने २००४ मध्ये दाखवलं. तिशीच्या आसपासच ज्यांची साखर बिघडली, ते बहुतेक दोन वर्षांचे असताना बारीक होते आणि त्यानंतर बाराव्या वर्षापर्यंत त्यांचं वजन उंचीच्या मानाने झपाट्याने वाढलं होतं. बाराव्या वर्षी त्यांना कुणी लठ्ठ म्हटलं नसतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर प्रामुख्याने स्नायू वापरतात. स्नायूच कमी, तर ती जाणार कुठे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. तीच मुलं आज शाळेत आहेत. त्यांना जेवण हवंच, पोटभर हवं. पण साखर, मैदा आणि तेलाने काटा हलतो, स्नायू बनत नाहीत. त्याला प्रथिनं लागतात आणि मैदानावरचं धावणं लागतं.

शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरली आहे. वरण पातळ झालं की पहिला फटका प्रथिनांनाच बसतो. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या प्रमाणाच्या निम्मी. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचे पैसे बंद करून ते लोकसहभागावर सोडलं. जिथे अंड्याची गरज सर्वांत जास्त, त्या पाड्यावरच्या शाळेला वर्गणी देणार कोण? हा निर्णय फिरवायला हवा. एक अंडंही कमीच आहे. आठवड्याला किमान तीन हवीत.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. बिस्किटांच्या पैशात मूठभर शेंगदाणे, फुटाणे किंवा मोड आलेली मटकी येते. नागलीची भाकरी आणि घट्ट वरण द्या. रोज तासभर खेळू द्या. आणि शाळांनी वजनाबरोबर उंचीही दर सहा महिन्यांनी लिहून ठेवावी. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढलं, तर वजन ठीक दिसत असलं तरी त्याला डॉक्टरांकडे आणा.