दोन घरचा पाहुणा

भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यास जेमतेम दोन-तीन आठवड्यांची उसंत मिळते. तेवढ्या अवधीत शेतातील पेंढा उचलून नेणे अनेकांस परवडत नाही. म्हणून तो जागीच जाळला जातो आणि त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोहोचतो. वस्तुतः पेंढ्यातील सेल्युलोजपासून साखर तयार करता येते, ती साखर आंबवली असता इथेनॉल मिळते आणि शेष राहणारे लिग्निन बॉयलरमध्ये जाळण्यास उपयोगी पडते. शेतातून निघालेला पदार्थ कारखान्यात कामी यावा, कारखान्यातील अवशेष पुन्हा शेताकडे किंवा दुसऱ्या कारखान्याकडे जावा आणि या फेऱ्यात शक्य तितके थोडे वाया जावे, या विचारास जैवाधारित चक्रीय अर्थव्यवस्था असे नाव मिळाले आहे.

कल्पना समजण्यास सोपी आहे. ती व्यवहारात उतरवणे मात्र कठीण आहे. प्रयोगशाळेतील संशोधक धुऊन, वाळवून, दळलेला काही ग्रॅम पेंढा हाताळतो. कारखान्याच्या आवारात येतात ते मातीने माखलेले, कधी ओले तर कधी बुरशी धरलेले गठ्ठे. भाताच्या पेंढ्यात सिलिका पुष्कळ असते व तिच्या घर्षणाने यंत्रांची पाती झिजतात. शिवाय एका हंगामात गोळा केलेला माल पुढे वर्षभर पुरवावा लागतो. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये विकसित झालेली पद्धत २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथील संयंत्रात आजमावण्यात आली, तेव्हा त्याची क्षमता रोज १० टन जैवभाराची होती. २०२२ साली हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा जो कारखाना उभा राहिला, त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे. वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची संकल्पित क्षमता आहे. म्हणजे दिवसाला सरासरी साडेपाचशे टन पेंढा झाला. ग्रॅमपासून शेकडो टनांपर्यंतचा हा पल्ला केवळ भांडी मोठी करून गाठता येत नाही. त्यासाठी रसायनाची प्रक्रिया आणि गठ्ठ्यांचा ढीग या दोहोंची सारखीच ओळख असलेली माणसे लागतात, आणि अशी माणसे आजच्या पीएच.डी.च्या रूढ शिक्षणक्रमातून क्वचितच तयार होतात.

डेन्मार्क देशाने ही उणीव फार पूर्वी ओळखली. संशोधक हा एकाच वेळी कंपनीचा पगारी नोकर आणि विद्यापीठाचा विद्यार्थी असावा, अशी योजना तेथे १९७० च्या सुमारास निघाली. पगाराचा काही भाग सरकार देते, विद्यार्थी आपला वेळ दोन्ही ठिकाणी विभागतो आणि तीन वर्षांत प्रबंध पुरा करावा अशी अपेक्षा असते. त्याच देशातील कालुंडबोर्ग या गावी १९७२ पासून एका कारखान्याचा अवशेष शेजारच्या कारखान्यास पुरवण्याची प्रथा वाढत गेली, आणि तेथील नोव्हो कंपनीचा गाळ १९७६ पासून आसपासच्या शेतांत खत म्हणून जाऊ लागला. गाळाचे मोल त्यालाच कळते, ज्याने आंबवणीचे पिंप आणि नांगरलेले शेत दोन्ही पाहिले आहे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेतील औद्योगिक डॉक्टरेटसाठी तर निम्मा काळ तरी विद्यापीठीय क्षेत्राबाहेर घालवावा, अशी अटच आहे. आपल्या देशातही २०१२ साली पंतप्रधानांच्या नावे डॉक्टरेट संशोधनासाठी एक योजना सुरू झाली. तीत सरकारी शिष्यवृत्तीच्या बरोबरीची रक्कम सहभागी कंपनीने द्यावी, अशी तरतूद होती. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ साली स्थापन झाला, तोही उद्योगांशी निकटचे नाते ठेवूनच. तेव्हा हा विचार आपल्याला परका नाही, आणि त्याचा विस्तार व्हावा हे निःसंशय इष्ट आहे.

तथापि मराठीत एक म्हण आहे: दोन घरचा पाहुणा उपाशी. या योजनांचा खरा धोका त्या म्हणीत सामावलेला आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात ड्यूपॉण्ट कंपनीने मक्याच्या ताटांपासून इथेनॉल बनवणारा मोठा कारखाना ऑक्टोबर २०१५ मध्ये उघडला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या व्यवसायातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर झाले. रुमानियातील पोदारी येथे क्लॅरियंट कंपनीने गव्हाच्या काडावर चालणारा कारखाना २०२१ साली पुरा केला. तो बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये झाला. दोन्ही ठिकाणी गेलेला काळ सुमारे दोन वर्षांचा आहे. प्रबंधास मात्र किमान तीन वर्षे लागतात. ज्या उद्योगाचे आयुष्य प्रबंधाहून अल्प ठरू शकते, त्याच्याच भरवशावर विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे सोपवणे कितपत योग्य आहे? कारखाना बंद पडला म्हणजे कंपनीचे भांडवल बुडते. पण विद्यार्थ्याच्या हाती ना नोकरी राहते, ना पदवी.

म्हणून विद्यापीठाने येथे केवळ नाव नोंदवून न थांबता जामीनदाराची भूमिका घेतली पाहिजे. कंपनीने मध्येच हात आखडता घेतला, तर प्रबंध पुरा होईपर्यंतचे विद्यावेतन व मार्गदर्शन विद्यापीठाने आणि सरकारने चालू ठेवावे, असे कलम मूळ करारातच असावे. त्याचप्रमाणे प्रबंध गुप्त ठेवण्यास मुदतीचे बंधन असावे. ती मुदत संपली की, फसलेल्या प्रयोगांसह तो सर्वांस खुला व्हावा.

यावर कारखानदार विचारील की, प्रतिस्पर्ध्याने वाचावे म्हणून आपण पैसे का खर्चावे? प्रश्न रास्त आहे. एखाद्या जीवाणूचा विशिष्ट वाण किंवा एन्झाइमचे मिश्रण ही कंपनीची मालमत्ता होय. तिच्या रक्षणासाठी पेटंटचा कायदा आहे. परंतु पावसात भिजलेला पेंढा किती दिवसांत कुजतो, गठ्ठ्यातील माती कोठे अडकते, कोणते पाते किती टनांनंतर निकामी होते, हे ज्ञान एकट्याच्या तिजोरीत ठेवण्याजोगे नाही. ते दडवले गेले, तर पुढच्या प्रत्येक कारखान्यास त्याच चुकीची किंमत नव्याने मोजावी लागते. त्यात सार्वजनिक पैसा असेल, तर ती जनतेला मोजावी लागते. अर्धे विद्यावेतन सरकारच्या तिजोरीतून जात असेल, तर त्यातून निघालेल्या ज्ञानावर जनतेचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट सुचवण्यासारखी आहे. विद्यापीठ आणि कारखाना ही दोन घरे झाली. परंतु या अर्थव्यवस्थेचा प्रारंभ तिसऱ्याच घरी, शेतकऱ्याच्या बांधावर होतो. संशोधकाने प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी एक पुरा सुगीचा हंगाम शेतात काढावा. पेंढा का जाळला जातो, गठ्ठे बांधण्यास मजूर का मिळत नाहीत, सर्वच काड उचलून नेले तर जमिनीच्या कसाचे काय होते, हे प्रश्न तेथेच नीट कळतात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवउत्पादनास उत्तेजन देणारे बायोई-३ धोरण मंजूर केले आहे. यंत्रे परदेशांतूनही विकत आणता येतील. ती चालवताना येणाऱ्या अडचणी मात्र येथल्याच मातीच्या आणि येथल्याच पावसाच्या असतील. आज शाळेत शिकणारी एखादी मुलगी पुढे या विषयाचा अभ्यास करू लागेल. एखादा कारखाना बंद का पडला याचा पुरा वृत्तान्त तेव्हा तिला ग्रंथालयात वाचावयास मिळाला, तर तिची तीन वर्षे त्या वृत्तान्ताच्या पुढच्या पानापासून सुरू होतील.